चार बोटं

रेवणसिद्ध सुतारानं आयुष्यात कधी टेप वापरली नव्हती. ज्याला बसायचंय त्याला आधी बसवायचं, टाचेपासून गुडघ्यामागच्या खळीपर्यंत काठी धरायची अन् तिथं खूण कापायची. अहमदपुरात लोक हसायचे. हसेनात का! त्याच्या बाकावर बसलेला माणूस कधी अवघडून उठला नाही, एवढं मात्र खरं.

लातूर जिल्हा होऊन तीन वर्षं झाली होती अन् पावसानं तोंड फिरवून दोन. चर्चच्या आवारातला जुना कडुलिंब उभ्या उभ्या वाळला, तेव्हा पाळक म्हणाले, याची बाकं करू. आजवर मंडळी सतरंजीवर बसायची. एकटी म्हातारी कस्तुराबाई तेवढी दाराशी उभी. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून फोडून तिचे गुडघे गेले होते. खाली बसली की उठवायला दोघं लागायची. खुर्ची दिली तर म्हणायची, "देवाच्या घरात सगळे खाली अन् म्या एकली वर? न्हाई बसायची." तेरा वर्षं, दर रविवारी, ती बाई उभी होती.

म्हणून रेवणसिद्धानं पहिलं माप तिचंच घेतलं. ओट्यावर बसवलं, काठी धरली, खूण कापली.

"माय, ह्या नाताळाला बसून गाणी म्हन."

"बसंन रे बाबा," ती हसली. "एक डाव बसून प्रार्थना झाली की मरायला मोकळी."

"मरायचं काय काढून राहिलीस सकाळी सकाळी!"

दुसऱ्या दिवशी पाळक एक हैदराबादी कॅलेंडर घेऊन आले. चित्रात उंच पाठीची, कोरीव हातांची बाकं. "नाताळाला नव्या जिल्ह्याचे मोठे साहेब येणार हायत. बूट घालून बसणारी मानसं. अशीच पाहिजेत. बैठकीची उंची अठरा इंच."

रेवणसिद्धानं हातातली काठी बघितली. खूण अठरा इंचांच्या चार बोटं खाली होती.

"कस्तुरामायचे पाय लोंबतील, साहेब. निदान पुढचं एक बाक ठेंगणं करतो."

"एकच ठेंगणं? फोटोत कसं दिसंल ते?"

इथंच माशी शिंकली. अन् पाळकांना एकट्यांना काय दोष द्यायचा? चित्र बघून सुताराचीच मती फिरली. असलं काम त्यानं जन्मात केलं नव्हतं. त्या मोठ्या साहेबांची नजर पडली तर नव्या कचेऱ्यांची टेबलं-खुर्च्या आपल्याच हातून होतील, असं त्याच्या मनानं घेतलं. "हाव," म्हणाला, काठी वळचणीला खोचली अन् बाजारातून टेप आणली.

नाताळाला दहा बाकं झळकत होती. साहेब काही आले नाहीत. पाणीटंचाईच्या बैठकीत अडकले म्हणे. कस्तुराबाईला धरून पुढच्या बाकावर बसवलं. तिच्या टाचा फरशीपासून चार बोटं वर राहिल्या. दारात उभ्या रेवणसिद्धानं ते बघितलं. तो एक फळी घेऊन पायाखाली सरकवायला वाकला, तर तिनंच हात धरला. "सगळ्यांना न्हाई, मला कशाला? राहू दे. लई चांगलं वाटून राहिलं." तिचं तोंड उजळलं होतं. दीड तास ती जागची हलली नाही.

शेवटच्या गाण्याला मंडळी उभी राहिली, तशी तीही उठली. पाय लोंबून लोंबून पार बधिर झालेले, तिला कळलंच नाही. फरशीवर कोसळली अन् खुबा मोडला. तेरा वर्षं उभी राहून जी पडली नव्हती, ती एकदा बसली अन् पडली.

संक्रांतीच्या आत ती गेली. पेटी करायला रेवणसिद्धालाच सांगितलं. राहिलेल्या लिंबाच्या फळ्या होत्या. वळचणीची काठी काढून त्यानं माप घेतलं, टेपेला हात लावला नाही.

मंडळी मातीला गेली. हा एकटा चर्चमध्ये मागं राहिला. पुढचं बाक त्यानं उलटं केलं अन् करवत लावली. पाळक परत आले तेव्हा चारही पाय कापून झाले होते.

"अरे, हे काय? ती तर गेली. आता कशाला?"

रेवणसिद्ध ढसाढसा रडत होता. बाक सरळ केलं, काठी लावली. खुणेला बरोबर आलं. दहा बाकांच्या रांगेत ते एकच ठेंगणं दिसत होतं.

"काढा आता फोटो," तो म्हणाला.