सूनबाईच्या आधी पंचावन्न मिनिटं

काचवाला जिन्यावरून पडला नव्हता. त्याने शेवटची पायरी गाळली होती, एवढंच. गाळणं वेगळं आणि पडणं वेगळं. पण नेमकी त्याच वेळी सूनबाई टपाल वाटून घरी आली आणि सासरा तिला दुकानाच्या फरशीवर फतकल मारून बसलेला दिसला.

"बाबा, तुमचा पलंग आता खाली येणार," ती म्हणाली. "शर्यतीची सुट्टी झाली की दुसऱ्याच दिवशी. स्वयंपाकघराशेजारची खोली आहेच."

"तिथे डबे असतात."

"डबे वर जातील."

"म्हणजे डब्यांना चौदा पायऱ्या झेपतात आणि मला नाही?"

मुलगा इस्पितळात मलमपट्टीचं काम करायचा. तो बापाच्या गुडघ्याला पट्टी बांधत राहिला. बाप आणि बायको बोलत असताना मध्ये तोंड घालणारा दोन्हीकडून मार खातो, हे त्याला लग्नाच्या पहिल्याच महिन्यात कळलं होतं.

दुकानाच्या माथ्यावरच्या त्या खोलीत काचवाल्याची चाळीस वर्षं गेली होती, त्यातली सदतीस बायकोबरोबर. ती गेल्यावरही तो पलंगाच्या आपल्याच बाजूला झोपायचा. भिंतीकडची बाजू तिची. खालच्या खोलीत पलंग कसाही लावला तरी भिंत उलट्या हाताला येत होती. त्याने मनातल्या मनात चारदा लावून पाहिला होता. पण हे काही कुणाला सांगायचं कारण नव्हतं. म्हणून तो म्हणाला, "टेकडीची शर्यत पळणाऱ्या माणसाला जिन्याची भीती दाखवता?"

"कोण पळतंय?"

"मी. या सुट्टीला."

सूनबाई हसली. टपालाची पिशवी खांद्याला लावून ती रोज पंधरा किलोमीटर चालायची, आणि टेकडीची शर्यत तिने दोनदा जिंकली होती. "ठरलं तर," ती म्हणाली. "मी तुम्हाला गाठलं तर पलंग खाली. नाही गाठलं तर मी जिन्याचं नाव काढणार नाही."

"आणि डबे?"

"डबे जिथल्या तिथे."

शर्यतीचा नियम सोपा होता. सहा किलोमीटर वर मनोऱ्यापर्यंत जायचं, हातावर शिक्का मारून घ्यायचा आणि त्याच वाटेने परत यायचं. म्हाताऱ्यांनी आधी सुटायचं. तिशीनंतरच्या प्रत्येक वर्षाला दीड मिनिट सूट. काचवाला एकाहत्तरचा, सूनबाई चौतिशीची. म्हणजे त्याला तिच्यापुढे पंचावन्न मिनिटं आणि वर थोडी चिल्लर.

सुट्टीच्या सकाळी गवतावर दव गोठलं होतं आणि सगळं गाव कानटोप्या घालून मैदानात जमलं होतं. सर्वांत म्हातारा काचवालाच निघाला, त्यामुळे पहिला मान त्याचा. शिट्टी न्हाव्याकडे होती.

"तयार?" न्हाव्याने विचारलं. "दाढी तरी करून यायचंस. वारा अडतो."

"तुझ्या हातून केली असती तर रक्त कमी झालं असतं."

शिट्टी वाजली. काचवाला एकटाच पळत सुटला. मागे टाळ्या, शिट्ट्या, आणि "अहो, उलट्या दिशेला चाललात!" अशी एक शुद्ध थाप. ती ऐकून तो क्षणभर थांबलासुद्धा. मग सगळ्यांबरोबर स्वतःही हसला आणि पळू लागला.

पूल ओलांडला आणि त्याच्या लक्षात आलं, की आपण शर्यतीत पहिले आहोत. आयुष्यात तो कशातच पहिला आला नव्हता. शाळेत नाही, धंद्यात नाही, लग्नाच्या दिवशीदेखील तो उशिरा पोचला होता. आणि आज पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही, नाकातोंडातून इंजिनासारखी वाफ. त्याला गुदगुल्या झाल्यासारखं झालं. दोन झाडांना त्याने हात हलवून नमस्कारही केला.

हे राजेपण तिसऱ्या किलोमीटरपर्यंत टिकलं. मग मागून काठीचा आवाज आला.

"पाय ओढू नका!" मुख्याध्यापिकाबाई होत्या. वय अडुसष्ट, त्याच्यानंतर साडेचार मिनिटांनी सुटलेल्या. "तुमचा मुलगाही असाच चालायचा."

"बाई, मी चढतोय."

"चढणारा पुढे जातो. तुम्ही नुसते धापा टाकताय." त्यांनी खिशातून लिंबाची गोळी काढून त्याच्या हातावर ठेवली. "सूनबाईची भानगड कळली मला. तोंड मिटा, गोळी चघळा, आणि मागे बघू नका. मागे बघणाऱ्याचं गणित चुकतं." एवढं बोलून बाई काठी टेकत पुढच्या वळणावर दिसेनाशा झाल्या.

त्याने तोंड मिटलं. शेवटचा चढ इतका उभा होता की चार ठिकाणी हात टेकावे लागले. पट्टीखालचा गुडघा आपलं अस्तित्व कळवत होता. पण चाळीस वर्षं खांद्यावर काच वाहणाऱ्याला एक गोष्ट येते. गुडघे सैल सोडून, पाय पूर्ण टेकवून, घाई न करता तो चढला. मनोऱ्यापाशी पोचला तेव्हा सुटून एक तास वीस मिनिटं झाली होती.

शिक्का मारायला मुलगाच बसला होता. गळ्यापर्यंत गुंडाळलेला, नाक लाल.

"मी कुणाच्याच बाजूचा नाही," त्याने बापाला बघताच जाहीर केलं. मग शिक्का मारताना खाली वाकून पुटपुटला, "आत्ताच फोन आला. ती निम्म्यावर आलीये. माझं नाव सांगू नका."

"तुझं नाव मी कधी सांगितलंय? पाणी दे!"

उतारावर खडकात खोदलेली अरुंद वाट होती. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरीच्या कडेचा कठडा. काचवाला खाली येत होता आणि खालून पळणाऱ्यांची रांगच्या रांग वर येत होती. थांबावं तर वेळ जातो. न थांबावं तर टक्कर. आणि त्याचं तोंड आपोआप उघडलं.

"काच! काच!"

गावातल्या बोळांतून मोठमोठ्या काचा नेताना तो चाळीस वर्षं हीच हाक देत आला होता. ती ऐकली की माणसं भिंतीला चिकटत, सायकली थांबत, कुत्रीसुद्धा बाजूला होत. इथेही तेच झालं. चांगली वीसेक माणसं पटापट कातळाला चिकटली. पोटं आत, हात अंगाशी. एकाने तर श्वासही धरला. काचवाल्याचे हात कधी उचलले गेले ते त्यालाही कळलं नाही. नसलेली काच छातीशी धरून तो ऐटीत सगळ्यांसमोरून गेला. त्या रांगेत नववी सूनबाई होती. तीही भिंतीला चिकटलेली.

तो चार पावलं पुढे गेल्यावर तिला उमगलं.

"बाबा! काच कुठाय?"

"स्वच्छ पुसलेली आहे, म्हणून दिसत नाही!"

आधी एक हसला, मग दुसरा, मग सगळी वाट. आता चढावर हसणं म्हणजे पायात पाय अडकवून घेणं. श्वास एकदा हसण्यात गेला की पायांना काही उरत नाही. सूनबाई पोट धरून मटकन खाली बसली. "हे... हे नियमात बसत नाही," असं तिला म्हणायचं होतं, पण पहिल्या शब्दापुढे गाडी जाईना. दोनदा उठली, दोनदा बसली. काचवाला स्वतःही इतका हसत होता की डोळ्यांतून पाणी येऊन वाट पुसट झाली.

पण टपालवाली ती टपालवाली. पूल आला तेव्हा मागून बुटांचा खडखड आवाज आला. मैदान सुरू झालं आणि तिचा श्वास ऐकू यायला लागला.

"बाबा, थांबा!"

"थांबायला तू काय गिऱ्हाईक आहेस?"

"गुडघा दुखेल!"

"तो आधीपासूनच दुखतोय!"

गाव ओरडत होतं. निम्मं सासऱ्याच्या नावाने, निम्मं सुनेच्या. न्हावी दोघांच्याही नावाने. काचवाल्याने पलंग डोळ्यांसमोर आणला, भिंत उजवीकडे, आणि मान खाली घातली. शेवटच्या दोरीपाशी तो तिच्या चार पावलं पुढे होता. बाई कधीच पोचल्या होत्या. शर्यत त्यांनी जिंकली होती आणि आता त्या शाल गुंडाळून बाकीच्यांच्या चुका काढत बसल्या होत्या.

"शब्द म्हणजे शब्द," सूनबाई गवतावर आडवी पडून म्हणाली. "डबे जिथल्या तिथे."

संध्याकाळी दोघं घरी आली. काचवाल्याने जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला. पाय वर गेला, पण मांडी मागे राहिली. त्याने दुसरा पाय ठेवून पाहिला. तो पहिल्यापेक्षा हट्टी निघाला.

सूनबाई दाराला टेकून नुसती बघत होती. शब्द दिला होता ना.

"बघतेस काय?"

"मी जिन्याचं नाव काढत नाहीये."

तो वळला, पहिल्या पायरीवर बसला आणि हातांनी रेटा देत पार्श्वभाग दुसरीवर नेला. जमलं. मग तिसरी. सहाव्या पायरीवर तो अडकला तशी ती मदतीला निघाली, आणि पहिल्याच पायरीवर "आई गं!" म्हणून खाली बसली. मग तीही तशीच, उलटी. वर सासरा, खाली सून, पायरीला एक कण्हणं आणि दोन हसणी. चौदावी पायरी संपली तशी दोघं खोलीच्या जमिनीवर पसरली.

तिने मान वळवून पलंग पाहिला. भिंतीकडची उशी जशीच्या तशी होती, अभ्र्याला एक सुरकुती नाही. दुसरी मधोमध दबलेली.

"बाबा, त्या चौदा पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडा बसवून घेऊ," ती म्हणाली. "नाव नाही काढत. नुसतं सुचवतेय."

"बसव," काचवाला म्हणाला. "लाकडी. लोखंडी थंडीत हाताला चावतो."

खाली दार वाजलं. मुलगा दिवसभर मनोऱ्यापाशी गारठून आला होता.

"कुठे आहात दोघं? जेवायचं काय?"

"वर घेऊन ये!" दोघं एकदम ओरडली.

"वर? तिघांचं?"

"तिघांचं. आणि सकाळचा चहाही आणून ठेव," सूनबाई म्हणाली. "मला उद्या टपालाला जायचंय, आणि खाली कसं उतरायचं ते आम्हा दोघांपैकी कुणालाच माहीत नाही."