साडूच्या तळव्याचा चमत्कार

"आलं! नेट आलं!"

अख्खं बुकिंग ऑफिस टाळ्या पिटत होतं. दिवे मालवलेल्या खोलीत भिंतीवर तळवा टेकून तारवाल्याचा साडू अजून घुमत होता, "वाहू दे... प्रवाह वाहू दे..." काय तो आवाज! जणू केबल याच्याच पोटातून गेली होती.

सगळ्यात जोरात टाळ्या तारवाल्याच्या बायकोच्या. ती इथेच बिलं करायची. "भाऊजींच्या हातात काहीतरी आहेच हो!"

तारवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं इथल्या केबली सांभाळल्या, कधी असं कौतुक केलं हिने? आणि परवापर्यंत याच छतात ट्यूबलाइट बसवणारा मेव्हणीचा नवरा म्हणे बाबा!

दुपार कलली की नेट मरायचं. तारवाला रोज सकाळी टेस्टर लावायचा. आठही तारांचे दिवे हिरवे. "केबल ठणठणीत," तो छातीठोक सांगायचा. मग बाबाचं फावणारच. साहेब म्हणाले, "उद्याही जमलं, तर नेटवर्कचं काम यांच्याकडे. तुम्ही दुसरीकडे बघा."

दुसऱ्या दुपारी उजेड उतरला, ट्यूब लागल्या, नेट गेलं. "दिवे बंद! डोळे मिटा!" साडूने फर्मावलं. सगळ्यांनी मिटले. तारवाल्याने एक उघडा ठेवला, जळफळाटाने मिटेचना. बटण खट् वाजलं, आणि साडूचा हात भिंतीला लागायच्या आतच कोपऱ्यातला स्क्रीन जिवंत झाला.

"बाबा, आता दिवे लावून करा की!" तारवाला ओरडला आणि त्याने बटण दाबलं. नेट गेलं. साडूने दोन्ही तळवे टेकले, घसा बसेपर्यंत घुमला. छे!

"प्रवाह रुसलाय," तो पुटपुटला.

तारवाला शिडीवर चढला. छतात केबल थेट ट्यूबच्या चोकवर पडलेली. खाली येऊन नेटचं सॉकेट उघडलं, तर आतल्या तारांच्या जोड्याच चुकलेल्या. "तारा दोन-दोन पिळलेल्या असतात. तो पीळ बाहेरचा गोंगाट अडवतो. इथे एकीचा जोडीदार भलतीकडेच लावलाय, दोन्ही टोकांना सारखाच. टोकं पोचतात म्हणून टेस्टर खूश. चोक चालू झाला की नेट गार!"

दोन्ही टोकं नीट जोडून केबल चोकपासून हलवली. दिवे चालू, नेटही चालू.

तो साडूकडे वळला. "ट्यूब लागली की नेट जातं, हे बसवतानाच कळलं होतं ना तुला?"

साडूने मान खाली घातली.

बायको हळूच म्हणाली, "तुम्हाला कसं सुचलं हो?"

"सुचलं कसलं! तुझ्या टाळ्यांनी जळत होतो, म्हणून डोळा मिटला नाही." तो सगळ्यांकडे वळला. "पण तुम्ही का मिटलेत? डोळे उघडे ठेवायला हेवा लागत नाही."

यावर मात्र कुणी टाळी वाजवली नाही.