फटीतून दिसलेलं बोलणं

या, असे जवळ सरकून बसा. देवळाच्या दारातले आत या, जागा होते. आज राजाची नाही की ऋषीची नाही, आमच्या गल्लीतल्या माईची गोष्ट सांगतो. देवाने ती माझ्यासमोर राहायला पाठवली, म्हणून मला कळली.

माईची उमर कापड गिरणीच्या माग खात्यात गेली. शेजारच्या मागावर तिची नणंद. तिथे असा खडखडाट की कानाला तोंड लावून ओरडलं तरी ऐकू येऊ नये. म्हणून तिथल्या बायका आवाजाशिवाय बोलत. ओठ मोठे करायचे, शब्द चघळल्यासारखा म्हणायचा, जोडीला हाताची खूण. या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला सासूचं गाऱ्हाणं सांगे आणि मधे उभ्या मुकादमाला पत्ता नसे. गिरणी सुटली, पण माईचे निम्मे कान तिने ठेवून घेतले. तेव्हापासून माई कुजबुजली तरी चार घरांना ऐकू जातं.

माईचा मुलगा वाईट नाही हो. पण तो कचेरीतला माणूस, चारचौघांत मान खाली जाते त्याची. सुट्टी काढून तो आईला आणि आत्याला समुद्रकाठच्या राखीव रानात घेऊन निघाला, तर बसमध्येच माई नणंदेच्या कानात म्हणाली की कंडक्टरची विजार शिवणीवर उसवेल बघ. सगळी बस हसली. कंडक्टरने विजार चाचपली. मुलगा पुढचा सगळा प्रवास खिडकीबाहेर बघत होता.

रानाच्या फाटकावर पाटी होती, शांतता राखा. आत चहाचं दुकान होतं, सावलीत बाकं होती. मुलगा हळूच सुचवू लागला की तुम्ही दोघी इथे निवांत बसा, मी चक्कर मारून येतो, फोटो दाखवतो.

"चहा मी घरी पिते," माई म्हणाली आणि निघाली.

वाट सुरेख होती. खाऱ्या वाऱ्याने झाडं एकाच अंगाला कललेली, खाली वाळलेल्या पानांची गादी, मधेच खाडीचं पाणी चमके. एका वळणावर हरणी उभी होती, कान टवकारून. माई नणंदेला म्हणाली, किती ग गरीब डोळे हिचे. तिच्या मते ती पुटपुटली. हरणी दिसेनाशी झाली. पुढे कॅमेरे लावून बसलेल्या मंडळींनी एकदम माना वळवल्या, आणि रखवालदार शिट्टी गळ्यात घालून आला. त्याने मुलाला बाजूला घेतलं. माणूस सभ्य होता, पण पुढे पिल्लांची जागा आहे म्हणाला.

माईला शब्द ऐकू आले नाहीत, पण मुलाची खाली गेलेली मान दिसली. तिने आवाज बंद केला आणि नणंदेकडे वळून गिरणीच्या भाषेत सांगितलं, आता अशीच. नणंदेने मान डोलावली. दोघी पुढे चालू लागल्या, ओठ हलताहेत, हात नाचताहेत, आणि पायाखालच्या पानांखेरीज आवाज नाही. मुलगा रखवालदाराबरोबर मागे खाडीवरच्या लाकडी पुलावर थांबला.

वाटेला एक फळ्यांची खोली होती, पाखरं बघायला. भिंतीला डोळ्यांच्या उंचीवर फट. मुलाने दिलेली दुर्बीण माईने डोळ्यांना लावली. समोरच्या चिखलात पाणमांजर पोटावर घसरत होतं, मागे दोन पिल्लं. एक उलटं पडलं आणि पाय हलवत राहिलं. माईच्या तोंडून हसू फुटणार होतं, तिने पदर दातांत धरला. पांडुरंगा, काय एकेक घडवतोस. पिल्लाच्या मागे दुर्बीण सरकवता सरकवता माईची नजर पुलावर गेली.

दुर्बिणीत मुलाचं तोंड आलं. ओठ हलत होते, आणि आईला ते अक्षर न् अक्षर दिसत होतं. तो सांगत होता, माफ करा, पुन्हा नाही आणणार तिला. आता कुठेच नाही नेणार. घरी बसलेली बरी.

ज्या घरात जेवताना, भांडताना हीच भाषा चाले, त्या घरात वाढलेला मुलगा आईला डोळे आहेत हेच विसरला.

माईने नणंदेला ओठांनी सगळं सांगितलं. नणंद म्हणाली, जाऊ दे, पोर कातावलंय. माई म्हणाली, आज जाऊ दिलं तर उद्यापासून खिडकीतली कुंडी होईन मी. आणि ती खोलीबाहेर उघड्यावर आली. मागावरून हाक मारायची तसा हात उंच धरला. मुलाने वर पाहिलं.

"दिसलं मला, काय म्हणालास ते," ती म्हणाली, आवाजाशिवाय, एकेक शब्द सुटा करून. "घरी नाही बसणार. तू नको आणूस. आम्ही दोघी येऊ. आणि आज त्या कड्याच्या टोकापर्यंत जाऊ."

मुलाचा हात आपोआप तोंडावर गेला. रखवालदार विचारत होता, काय म्हणतात त्या? एवढं बोलणं झालं तरी चिखलातली पिल्लं बिचकली नव्हती. मग मुलाने हात काढला आणि लहानपणी बोलायचा तसे ओठ मोठे केले.

"टोक लांब आहे. गुडघे?"

"गुडघे माझे आहेत."

एवढं सांगून ती वळली. वाट चढत होती. नणंद दोनदा बसली, माई एकदाही नाही, बसावंसं खूप वाटलं तरी. मागून मुलगा येत होता, पाण्याची बाटली घेऊन, अंतर राखून.

टोकावर कड्याखाली लाटा अशा आदळत होत्या की आधीच आलेली माणसं एकमेकांच्या अंगावर ओरडून बोलत होती. मुलाने बाटली पुढे केली. आईच्या समोर, तिला नीट दिसेल असा उभा राहिला आणि ओठांनी विचारलं, पुढच्या वेळी मला न्याल का बरोबर?

माई घोटभर पाणी प्याली. तोंड पुसलं.

"बघू," ती म्हणाली, चांगल्या खणखणीत आवाजात. "वागतोस कसा त्यावर आहे."

संपली माझी गोष्ट. आता मागणं एवढंच. देवाच्या दारात कोणी बाई शेजारणीशी मोठ्याने बोलली आणि तुमची मान रागाने वळू लागली, तर अर्ध्यावर थांबा आणि आमच्या माईची आठवण करा.