शांत ठेवण्याची गोळी

नव्या योजनेत म्हाताऱ्यांचे दोन मानसोपचार वॉर्ड एकत्र केले. खाटा झाल्या बत्तीस आणि पाळीला सिस्टर उरल्या दोन. कुणी पेशंट पडला की ती नोंद वॉर्डाच्या नावावर चढायची आणि वरून फोन यायचा.

त्यातच वायरमनकाका दाखल झाले. वय एकोणऐंशी, स्मृतिभ्रंश. चाळीस वर्षं विजेच्या तारा ओढलेला माणूस, एका जागी बसणं ठाऊकच नव्हतं. दिवसभर भिंतीला हात लावत फिरायचे, एकेक बटण दाबून बघायचे. शेजारच्या खाटेवरचा पंखा बंद झाला की तो पेशंट आरडाओरडा करायचा. दोनदा तर जिन्यापर्यंत पोचले. दिवसपाळीच्या थोरल्या सिस्टरांचा जीव टांगणीला लागला.

डॉक्टरांनी गोळी लिहिली, "गरजेनुसार". काकांच्या मुलीची संमतीची सही दाखल करतानाच्या कागदांत होतीच.

"गरज कुणाची, डॉक्टर?" सिस्टरांनी विचारलं.

"माझ्याकडे चार वॉर्ड आहेत, सिस्टर," डॉक्टर म्हणाले. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा.

आठवडाभर सिस्टरांनी स्वतःच्या हातानं ती गोळी दिली. काका गप्प झाले. मग चमचा हातातून गळू लागला, लाळ हनुवटीवर येऊ लागली. मुलगी भेटायला आली. तिनं तीनदा "बाबा" म्हटलं, ते छताकडे बघत राहिले.

"आजार वाढला का हो?" तिनं घाबरून विचारलं.

"डॉक्टरांना विचारा," म्हणून सिस्टर तिथून निसटल्या. औषधांच्या खोलीत जाऊन उगाच बाटल्या इकडच्या तिकडे करत राहिल्या. बसवेना, उभं राहवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुंगी जरा उतरली होती, तेव्हा त्यांनी काकांसमोर गोळी धरली. "काका, ही घेतली की तुम्ही झोपून राहता. हवी का?"

काकांनी गोळी बोटानं बाजूला सारली. "झोपून काय करू? कामं पडलीत."

सिस्टरांनी गोळी परत ठेवली आणि नोंदवही उघडली. कारणाच्या रकान्यात सात वेळा 'अस्वस्थता' लिहिलं होतं, त्यांच्याच अक्षरात. खाली त्यांनी तारीख घालून लिहिलं, 'खरं कारण : वॉर्डात माणसं कमी.'

मेट्रननी बोलावून घेतलं. "खोडा ते. तपासणी तोंडावर आहे."

"नाही खोडणार."

"आणि उद्या ते पडले म्हणजे?"

सिस्टर नोंदवही उचलून वॉर्डात परतल्या.

पाचव्या दिवशी काका पडले. डावं मनगट मोडलं. सिस्टरांनी स्वतः मुलीला फोन केला आणि गोळीपासून सगळं सांगितलं. "पडले त्याला मी जबाबदार आहे. आधी गप्प झाले, त्यालाही."

मुलगी आली ती भडकलेलीच. "गोळी देताना, थांबवताना, दोन्ही वेळा मला आधी का नाही सांगितलंत?"

"चुकलं माझं."

खाटेवरून काका म्हणाले, "काय गं, जेवलीस का?"

ती खाटेच्या कडेला बसली. बापाचा चांगला हात धरून कितीतरी वेळ रडली.

गोळी बंदच राहिली. मुलीनं नोंदवहीतल्या त्या पानाची प्रत लावून तक्रार केली. दुपारच्या पाळीला तिसरी सिस्टर मिळाली, तीही सहा महिन्यांपुरती. थोरल्या सिस्टरांची बदली मात्र नोंदणीच्या खिडकीवर झाली. मुलगी तिथूनच वर जाते. एखाद्या दिवशी थांबून बाबांचं सांगते, एखाद्या दिवशी बघून न बघितल्यासारखं करते. सिस्टर तिला हाक मारत नाहीत.