मगावरचा अर्थ

आमच्या कपाटात अठ्ठावीस मग आहेत आणि त्यांतल्या एकावरही आमच्यापैकी कुणाचं नाव नाही. सगळी परक्या मुलींची नावं. कारण मी नावाचे मग छापणाऱ्या कारखान्यात कामाला आहे. छापील कागद मगाभोवती गुंडाळायचा, चिकटपट्टीने आवळायचा, तापलेल्या पट्ट्यात तीन मिनिटं दाबून धरायचा, की नाव मगावर उतरतं. ते जरा कललं किंवा एखाद्या अक्षराला रंग कमी पडला, की मग बाद. बाद मग ज्याला हवा त्याने घरी न्यावा. म्हणून आमच्याकडे कुणी आलं की माझा मुलगा विचारतो, "चहा कशातून देऊ, सोफियातून की हेलनमधून?"

नावाखाली बारीक अक्षरात त्याचा अर्थ असतो. तो लिहायचं काम माझं. शाळा मी आठवीत सोडली, पण छापलेलं काहीही हाती लागलं की वाचून काढते, अगदी औषधाच्या खोक्यातला घडी घातलेला कागदसुद्धा. त्यामुळे मला सगळं माहीत असतं असा आमच्या मालकांचा समज आहे. तो दूर करायची घाई मी कधी केली नाही.

मालक दर वर्षी एक यादी आणतात. मुलींना गेल्या वर्षी सर्वांत जास्त ठेवलेली दोनशे नावं. मी रद्दीवाल्याकडून आणलेल्या एका जाडजूड पुस्तकातून त्यांचे अर्थ काढते. बारा वर्षांपूर्वीच्या यादीत 'क्लोई' हे नाव कुठून तरी उसळी मारून एकदम वर आलं. पुस्तक उघडलं, तर नेमकी तिथलीच चार पानं गायब. आणि मालक दारात उभे.

"झालं का? छपाईला पाठवायचंय."

"एक राहिलंय."

"एकासाठी अडून बसलात होय? लिहा की काहीतरी छानसं!"

मी लिहिलं, 'दीर्घायुषी'. दीर्घायुषी म्हटल्यावर भांडायला कोण येणार? कुणी आलंही नाही. हजारो मग गेले. दर वर्षी मी यादीत क्लोईच्या पुढे तोच शब्द उतरवत राहिले आणि हळूहळू तो माझा मलाच खरा वाटायला लागला.

माझी सून बियाण्यांच्या प्रयोगशाळेत आहे. ओल्या कागदावर शंभर बिया ओळीने मांडायच्या, कागद गुंडाळून ऊबदार कपाटात ठेवायचा आणि ठरल्या दिवशी उलगडून किती उगवल्या ते मोजायचं. दिवसभर तिच्या हातात चिमटा असतो. घरी टेबलावर सांडलेला साखरेचा दाणाही ती दोन बोटांनी असा उचलते, की आम्ही तिचं नाव चिमटी ठेवलं. तिलाही ते आवडतं, किंवा तसं ती दाखवते.

चिमटी सातव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगी. सव्वा किलो. काचेच्या पेटीवर चिठ्ठी लावली होती, 'बेबी, पेटी चार'. आम्ही तिला सव्वा म्हणायला लागलो. खरं नाव काय ठेवायचं, हे विचारायची कुणाची छाती होईना. माझ्या मुलाने एकदा तोंड उघडलं होतं, पण चिमटी म्हणाली, "आत्ता नको." त्यातलं 'आत्ता' आम्ही दोघांनी घट्ट धरून ठेवलं.

सात आठवडे ती पेटीशेजारच्या खुर्चीत बसून होती. पहिल्या चार दिवसांत तिने फोनवर एकेक आजार शोधून स्वतःला इतकं घाबरवून घेतलं, की शेवटी फोन नवऱ्याच्या हवाली केला. "मी मागितला, रडले, तरी देऊ नकोस." चहासाठी घरून एक बाद मग नेला होता. कपाटात पुढे होता, तोच उचलला. फोन गेल्यावर तिला वाचायला तेवढाच उरला.

सव्वाला घरी सोडायच्या आदल्या दिवशी चिमटी म्हणाली, "नाव ठरलं. क्लोई."

"हे आपल्या कपाटातलं?" मुलाने विचारलं.

"हसू नकोस. दिवसातून चारदा वाचलंय मी ते. दीर्घायुषी. त्या दिवशी तिचा श्वास दोनदा अडकला ना, तेव्हा मी तो मग हातातून सोडला नव्हता." मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, "आईंनी लिहिलंय, म्हणजे शोधूनच लिहिलं असणार."

"छान आहे," एवढंच मी म्हणाले आणि तिथून तडक वाचनालय गाठलं.

ग्रंथपालबाईंनी तीन पुस्तकं काढून दिली. तिन्हींचं एकमत होतं. नाव ग्रीक. पिकांची एक देवी होती, तिला लोक या नावाने हाक मारायचे, शेत हिरवं व्हायला लागलं की. पुढे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका पत्रात या नावाची बाई येते, तिच्या घरच्यांनी भांडणाची बातमी कळवली म्हणून. म्हणजे चुगलीत नाव आलं आणि अजरामर झालं. मग कवींनी ते आपल्या मेंढपाळणींना देऊन टाकलं, मग बराच काळ कुणी विचारेना, आणि गेल्या शतकाच्या शेवटाला ते असं काही उचल खाऊन आलं, की एका देशात सलग काही वर्षं पहिल्या नंबरावर. हे सगळं ठीक होतं. अर्थ तेवढा ठीक नव्हता. कोवळा हिरवा कोंब. नुकताच वर आलेला.

म्हणजे पायाखाली आला तरी संपला! सात आठवडे काचेच्या पेटीत काढलेल्या पोरीला हे नाव? आणि तेही माझ्या मगामुळे?

सकाळी मुलगा गाडी आणायला गेला. सिस्टरने चिमटीच्या हातात अर्ज दिला. "बाळाचं नाव इथे. तेवढं भरलं की मोकळ्या तुम्ही."

"आई, पेन आहे?"

होतं. मी दिलं नाही.

"आधी माझं ऐक. मगावरचा तो अर्थ... तो मी शोधलेला नाही. पुस्तकातली पानं फाटलेली होती, मालक डोक्यावर उभे होते. मनानेच लिहिला."

"मनाने म्हणजे?"

"म्हणजे थाप. छापील."

ती हसली नाही. मांडीवर सव्वा झोपली होती, तिच्या टोपीची नाडी चिमटी बोटाभोवती गुंडाळत राहिली.

"सात आठवडे मी तुमच्या थापेवर काढले, आई."

"हो."

"काल का नाही बोललात?"

"तू नाव सांगितलंस तेव्हा मलाही खरा माहीत नव्हता. आता माहीत आहे, पण तुला आवडायचा नाही. आपण दुसरं बघू ना. आयरीन म्हणजे शांती, ते पान शाबूत आहे. झोई म्हणजे जीवन, तेही मी नीट बघून लिहिलंय, शपथेवर सांगते..."

"आई. क्लोई म्हणजे काय?"

"कोंब," मी म्हणाले. "कोवळा. जमिनीतून नुकताच वर आलेला."

तिने नाडी सोडली.

"कोंब? नक्की? या वेळेला बघितलंत ना?"

"तीन पुस्तकांत. हवं तर ग्रंथपालबाईंना साक्षीला बोलावते."

आता ती रडणार असं मला वाटलं, आणि ती रडलीच, पण तोंड हसत होतं. सिस्टरने दारातून डोकावून पाहिलं आणि पुन्हा आपल्या कामाला लागली. तिथे असं रडणं रोजचंच.

"तुम्हाला माहितीये आम्ही काय मोजतो?" चिमटी नाक पुसत म्हणाली. "बी केवढं आहे, चकचकीत आहे का, याचा रकानाच नसतो आमच्या तक्त्यात. कागद उलगडायचा आणि कोंब बघायचा. धड वर आला असेल, तर ते बी जिवंत. लिहायचं आणि पुढच्याकडे वळायचं. काही बिया इतक्या उशीर करतात, की नवी माणसं म्हणतात मेलंय, फेकून द्या. पण शेवटच्या दिवसाआधी फेकायचं नसतं."

"पण कोवळा, गं..."

"कोवळाच असतो! सगळ्यांचाच. दीर्घायुषी वाचून मला धीर यायचा, खोटं नाही सांगत. पण धास्तीही वाटायची, की हे खरं व्हायला अजून ऐंशी वर्षं थांबायचं. कोंब म्हणजे झालंय ना, आई. आलाय वर. मोजला." तिने हात पुढे केला. "द्या आता ते पेन."

जीव भांड्यात पडला म्हणतात. माझा मगात पडला.

सिस्टरने अर्ज वाचला. "क्लोई! अहो, या महिन्यातली तिसरी. कुठून घेतात लोक हे नाव, कोण जाणे. काय हो आजी?"

आजी म्हटल्यावर मी आधी मागे वळून पाहिलं. मग पेनचं टोपण शोधायला लागले.

जाताना वजन केलं. दोन किलो दोनशे. मुलगा म्हणाला, "आता सव्वा कसं म्हणायचं हिला?" चिमटी म्हणाली, "तुझ्या आईला विचार, त्या काहीतरी छानसं लिहितील." म्हणजे हे आता मला जन्मभर ऐकायला लागणार. ऐकीन.

सोमवारी मी मालकांना सांगितलं, क्लोईचा अर्थ बदलायचाय.

"बारा वर्षांनी? तक्रार आली का कुणाची?"

"आली. घरातून."

"काय लिहायचं मग?"

"कोवळा कोंब."

"कोंब? कोंबाचा मग कोण घेणार, बाई?"

"पहिला मी घेते."

त्यांनी कपाळाला हात लावला, पण कागद छापून आणून दिला. मी स्वतः गुंडाळला, पट्टी आवळली, तीन मिनिटं घड्याळ धरून मोजली. काढून पाहिलं, तर नाव जरासं उजवीकडे झुकलेलं, खिडकीकडे.

नियमाने तो मग बाद होता. मी घरी नेला.