पन्नास किलोचं पोतं

आमच्या अभियांत्रिकी तंत्रज्ञ संघटनेचा अध्यक्ष व्हायला एकच पात्रता लागते: नावावर एकही तक्रार नसावी. एकशे चाळीस सभासदांत असे तिघे निघाले. एक कोमात होता, एकाने सहा वर्षं फोन उचलला नव्हता आणि तिसरा मी. कोमातल्याचा विचार आधी झाला, कारण तो अनुभवी होता. पण त्याची सही कशी घ्यायची हे कुणाला सुचेना, म्हणून मी बिनविरोध निवडून आलो.

"अभिनंदन," सेक्रेटरी म्हणाले. ते चोवीस वर्षं सेक्रेटरी आहेत आणि अभिनंदनही सांत्वनाच्या आवाजात करतात. "पहिली सुनावणी गुरुवारी. शीतगृहातली लिफ्ट. आरोपी तुमचे मामाच."

माझं नाव स्वच्छ होतं, कारण त्या नावावर काही घडलंच नव्हतं. परवाना यायला तीन वर्षं लागली आणि तोवर मी मामाच्या शिक्क्यावर मालाच्या लिफ्ट तपासत हिंडलो. मामाचे हात थरथरायला लागले होते; चहाचा कप ओठांपर्यंत पोचेस्तोवर अर्धा व्हायचा. तो खाली गाडीत बसायचा आणि मी वाळूची वीस पोती लिफ्टमध्ये चढवायचो. प्रत्येकावर रंगाने लिहिलेलं, '५० किलो'. वीस पोती म्हणजे हजार किलो. लिफ्ट वर न्यायची, मध्येच थांबवायची, ब्रेक धरतो का बघायचं. धरला की मामाचा शिक्का.

पोती गाडीत घासून उसवत होती, वाळू फटींतून रस्त्यावर सांडत होती. मला एवढंच कळायचं की पोती दरवर्षी हलकी लागतायत. मी आरशात दंड बघायचो. आईलाही दाखवले होते. पोत्यावरचा आकडा पुसट झाला की मी तो नव्याने रंगवायचो, पण पोतं काट्यावर कधी ठेवलं नाही.

मग शीतगृहातली ती लिफ्ट नऊशे किलो बटाटे घेऊन चौथ्या मजल्यावरून थेट खाली कोसळली. आत माल रचणारी एक बाई होती.

बुधवारी दुपारी मामा घरी आला. "उद्या तू फक्त विचार. मी हो म्हणतो."

"मामा, लिफ्ट मी तपासली होती."

"शिक्का कुणाचा?"

"तुझा."

"मग झालं तर. माझं वय सदुसष्ट. शिक्का गेला तर कप धरायला दोन्ही हात मोकळे. तुझा परवाना गेला तर तू काय विकणार, दंड?"

मी हसलो नाही. तोही नाही.

दोषी ठरलेल्याचा पितळी शिक्का अध्यक्षाने सगळ्यांसमोर हॅकसॉने कापायचा, अशी आमच्यात पद्धत आहे. गुरुवारी टेबलावर हॅकसॉ होता आणि शेजारी मामाचं एक पोतं, पुरावा क्रमांक चार. समोर त्या बाईचा नवरा बसला होता. तो त्याच शीतगृहात हमाल होता.

"तपासणी तुम्हीच केलीत?" मी मामाला विचारलं. सुनावणीत मामाला अहो-जाहो करावं लागतं.

"मीच."

हमाल उठला, कुणाला न विचारता पोतं उचललं आणि जरासं तोललं. "हे बत्तीसच्या वर नाही."

"त्यावर पन्नास लिहिलंय," सेक्रेटरी म्हणाले.

"लिहिलेलं मी उचलत नाही, साहेब." त्याने पोतं मामाच्या पायाशी ठेवलं. "आजोबा, अशी वीस चढवलीत ना? हे एक उचला."

मामा वाकला. पोत्याची दोन टोकं त्याच्या हातात फडफडली, शिवणीतून वाळू बुटांवर सांडली आणि पोतं तिथंच राहिलं. मामाने माझ्याकडे पाहिलं नाही. न पाहायला त्याला फार कष्ट पडत होते.

मी खुर्चीतून उठलो आणि पोतं डाव्या खांद्यावर घेतलं. सवयीने ते बरोबर जागेवर बसलं.

"कसं लागतंय?" हमालाने विचारलं.

"हलकं. तेव्हाही हलकंच लागायचं."

"गाढवा," मामा म्हणाला.

हमाल खाली बसला. तो ओरडेल, निदान एक ठेवून देईल, म्हणून मी वाट बघत उभा राहिलो. त्याने बायकोचा हातमोजा खिशातून काढला, नीट घडी घातली आणि परत ठेवला.

"ही तक्रार समजायची का?" सेक्रेटरींनी हळूच विचारलं.

"समजा."

त्यांनी लिहून घेतली. त्याबरोबर अध्यक्षपद कोमातल्या माणसाकडे गेलं. त्याला कळवायची सोय नव्हती, म्हणून दोन्ही शिक्के मीच कापले. मामाचा आधी, मग माझा.

"तुमची पोती कधी तोलली होती?" हमालाने बाकीच्यांना विचारलं. चाळीसेक तंत्रज्ञ आपापल्या बुटांकडे बघत राहिले.

संघटनेची कचेरी पाचव्या मजल्यावर आहे. त्या दिवशी सगळे जिन्याने उतरले. मामाला अर्धा तास लागला. माझ्या एका खांद्यावर तो होता, दुसऱ्यावर पोतं, आणि दर पायरीवर थोडी वाळू सांडत होती.