पडावाची तहान

देवबागला सगळ्यांची घरं समुद्र आणि खाडीच्या मधल्या वाळूवर उभी आहेत. आग्नेसबायचं तेवढं खाडीत होतं. एके काळी कौलं आणि वाळू वाहणारा जुना लाकडी पडाव, म्हणजे मोठी होडी, त्यावर नवऱ्याने, पेद्रूने, चढवलेल्या दोन खोल्या, वर पत्रा, पत्र्यावर झावळ्या, आणि मागच्या अंगाला शेगडी ठेवण्यापुरती जागा. पेद्रू जन्मभर दुसऱ्यांच्या होड्या दुरुस्त करत आला. मेल्विनाचं, म्हणजे एकुलत्या एक लेकीचं, लग्न होऊन ती मडगावला गेली, तेव्हा त्याने मोडीत निघालेला हा पडाव घेतला आणि बायकोला म्हणाला, आता आपण यात राहायचं. आग्नेसने त्याला आठवडाभर शिव्या घातल्या आणि मग भांडी उचलून स्वतःच पडावावर गेली. पेद्रू वारला, तरी ती खाली उतरली नाही.

पाण्यावरच्या घराचे लाड तान्ह्या पोरासारखे करावे लागतात. सकाळी उठल्यावर तळात जमलेलं पाणी डब्याने काढायचं. फळ्या धुवायच्या त्या खाडीच्या खाऱ्या पाण्याने, कारण खारं पाणी लाकूड राखतं आणि गोडं पाणी कुजवतं. मेल्विना एकदा सुट्टीला आली आणि तिने फिनेल टाकून, नळाचं पाणी आणून सगळा पडाव लखलखीत केला होता. तिची पाठ फिरताच आग्नेसने तो पुन्हा खाऱ्या पाण्याने धुतला. पावसाळ्यात तर शेगडी विझूच द्यायची नाही. नारळाची सोडणं धुमसत ठेवली की गाद्या कोरड्या राहतात, बुरशी धरत नाही, डासही लांबूनच नमस्कार करतात. लेकीने एक विजेचा हीटर पाठवला होता. पत्र्यावरच्या सौर पॅनेलला तो काही झेपेना, म्हणून आग्नेस त्याच्यावर सुके बांगडे वाळत घालायची.

पण गेल्या पावसाळ्यात तिला थंडी बाधली, छातीत कफ साठला आणि मेल्विना येऊन तिला उचलून मडगावला घेऊन गेली. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट चांगला होता, वाईट म्हणायला जागा नव्हती. जावई देवमाणूस. कामाला बाई. आग्नेसने चहाचा कप विसळायला घेतला की बाई तो हातातून काढून घ्यायची. महिनाभर आग्नेस खिडकीशी बसून आपले हात बघत राहिली. तिला वाटे, हे हात आता कुणाला लागणारच नसतील, तर आपण तरी कशाला लागतो?

ती देवबागला परत निघाली तेव्हा मेल्विनाने तिला शब्द द्यायला लावला. पुढच्या पावसाच्या आधी मी मे महिन्यात येईन. पडाव धड असला तर तू तिथे राहा. पाणी आत येत असलं तर गपचूप मडगावला यायचं. आग्नेसने मान डोलावली. तिचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ हे दोघींनाही माहीत होतं, आणि लेकीने नेमका त्याचाच फायदा घेतला.

म्हणून यंदा आग्नेसने दुरुस्ती जरा जास्तच मनावर घेतली. एप्रिलमध्ये अमावस्येच्या आधीच्या एका मोठ्या भरतीला शेजारच्या बाळाने आणि त्याच्या होडीवरच्या माणसांनी पडाव वाळूवर ओढून दिला, दोन्ही अंगांना टेकू लावले. बाळा हा मासेमारी करणारा गाबीत, पेद्रूच्या हाताखाली होड्या शिकलेला. तळाला चिकटलेली कालवं खरवडली. पेटत्या झावळ्यांनी बूड शेकलं, म्हणजे लाकूड पोखरणारा किडा मरतो. फटींत कापसाच्या वाती ठोकल्या आणि वरून चंद्रूस, म्हणजे तेलात उकळलेली राळ, अंगभर चोपडला. चारच दिवसांत काम झालं, अमावस्येचं उधाण तोंडावर होतं. आता चार धक्के दिले की पडाव पाण्यात. पण घोडं अडलं ते आशीर्वादापाशी.

पडाव पाण्यात लोटायच्या आधी पाद्रीने येऊन त्यावर पवित्र पाणी शिंपडायचं, ही पेद्रूपासूनची रीत. आणि पाद्री तर मोतीबिंदू काढायला गोव्याला गेलेले.

"दुसऱ्या पाद्रीक बोलव," बाळा म्हणाला. "तो मोटारसायकलवालो आसा मगे."

"तो प्रार्थना पण मोटारसायकलीवरच म्हणता," आग्नेस म्हणाली. "अर्धी गिळता. आमचे पाद्रीबाब येवंक नाय, तोपर्यंत पडाव पाण्यात जावचो नाय."

"मगे पुनवेपर्यंत थांबाक लागतला. मधल्या भरतीक हंय पाणी चढणा नाय."

"थांबान."

"आग्नेसबाय, देव थांबतलो. लाकूड थांबाचा नाय. उन बघतंस मा कसला पडता ता?"

आग्नेसने ऐकलं नाही. यंदा तिला देवाचा पाठिंबा हवाच होता, आणि तो अर्धवट गिळलेला नको होता. पौर्णिमेपर्यंत पडाव वाळूवर उभा राहिला. दिवसा पत्रा तापायचा, खालची वाळू तापायची, आणि मधल्या मधे पडाव पापडासारखा वाळायचा. आग्नेस आत झोपायची. फळ्या मधूनच कट् कट् वाजायच्या. ते ऐकून तिला वाटायचं, वा, चंद्रूस छान मुरतोय.

पौर्णिमेला पाद्री आले, डोळ्यांवर हिरवा चष्मा लावून. त्यांनी सगळ्या प्रार्थना सावकाश, अक्षरन् अक्षर म्हटल्या आणि पडावावर भरपूर पाणी शिंपडलं. पडावाच्या अंगाला पंधरा दिवसांत लागलेलं तेवढंच काय ते पाणी. मग माणसांनी खांदे लावले, पडाव घसरत खाडीत गेला, डोलला, आणि आग्नेसच्या डोळ्यांत पाणी आलं. थोड्याच वेळात ते पडावातही आलं. एका ठिकाणाहून आलं असतं तर तिने वात ठोकली असती. इथे प्रत्येक फट तोंड उघडून बसली होती. उन्हाने फळ्या आकसल्या होत्या आणि कापूस नुसताच मधे लोंबत होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बाळा वाकून एकेक फट बोटाने चाचपत होता. 'मी सांगितलं होतं' असं तो म्हणाला असता तर आग्नेसला बरं वाटलं असतं, निदान भांडता आलं असतं.

"आता काय रे करूया?" तिनेच विचारलं.

"तहानलेलो आसा तो," बाळा म्हणाला. "पिवंदे पोटभर. बुडवया."

सुकलेल्या होडीला हेच औषध, हे आग्नेसलाही माहीत होतं. पण होडी बुडवणं वेगळं आणि घर बुडवणं वेगळं. गाद्या, पेटी, भांडी, शेगडी, मारीयामातेची तसबीर, सुक्या बांगड्यांसकट हीटर, सगळं माडांखाली वाळूवर आलं. वर बाळाने ताडपत्री ताणून दिली. मग पडाव काठाजवळच्या उथळ जागी आणून बांधला आणि सोडून दिला. तो हळूहळू, अगदी शिस्तीत खाली बसला. भरती चढली तेव्हा खाडीत फक्त पत्रा आणि झावळ्या दिसत होत्या. एक बगळा येऊन त्यावर बसला.

मेल्विना यायला अजून आठवडा होता. तेवढ्यात लाकूड फुगेल, पडाव उपसून होईल, लेकीला कळणारही नाही, असा आग्नेसचा हिशेब होता. दुसऱ्या दिवशी दुपारी ती ताडपत्रीखाली पेज ढवळत होती, तेव्हा मागे बॅग वाळूत टेकल्याचा आवाज आला. कुडाळला गाडीतून उतरून, मालवणात बस बदलून मेल्विना आली होती. सुट्टी लवकर मिळाली होती. ती खाडीकडे बघत उभी राहिली.

"मांय," ती म्हणाली, "घर खंय?"

"थंयच आसा," आग्नेस म्हणाली. "पेज जेवतंस?"

मेल्विनाने पेज घेतली. रागावण्यासारखं काही उरलंच नव्हतं तिच्यासाठी. सुंठीवाचून खोकला गेला होता. गेलं वर्षभर ती आईशी कसं बोलायचं याची तयारी करत होती, आणि इथे अख्खी खाडी तिच्या बाजूने बोलत होती.

"पाणी शिरला," ती शांतपणे म्हणाली.

"शिराक नाय. मी शिराक दिलंय." हे बोलताना आपल्यालाच ते पटत नाही हे आग्नेसला कळलं आणि तिने सगळं सांगून टाकलं. मोतीबिंदू, मोटारसायकलवाला, पंधरा दिवसांचं ऊन. "चूक माझीच. पडावाची नाय. तेका तीन दिवस पिवंदे. मगे उपसून बघ. तेच्यानंतर एक थेंब जरी आत इलो, तरी मी येतंय. सामान तर भायरच आसा, बांधूक कष्ट नाय."

मेल्विना हसली नाही, पण कबूल झाली.

ते तीन दिवस दोघी माडांखाली राहिल्या. मेल्विनाने नेहमीप्रमाणे सगळं धुवायला काढलं आणि आग्नेसने धुवू दिलं. स्वतः ती कापूस पिंजून वाती वळत बसायची. शेगडीवर तेल आणि राळ उकळत ठेवायची, मग बोटाला गरम चंद्रूस लावून वातीवरून फिरवायची. लेक बघत बघत हात पुढे करायला लागली. आईने तिच्या वाती दोनदा मोडून परत वळायला लावल्या. भरती-ओहोटीला आग्नेस उठून काठापर्यंत जायची आणि आजारी माणसाकडे बघावं तशी पत्र्याकडे बघून यायची.

"तुका मडगावाक काय कमी होता गो?" एका संध्याकाळी मेल्विनाने विचारलं. तिच्या आवाजात भांडण नव्हतं, दुःख होतं. "मी तुका काय नीट बघूक नाय?"

आग्नेसला लेकीची दया आली. "बघलंस बाय. माझ्या आवशीनसुद्धा माका इतक्या बघूक नसात," ती म्हणाली. "पण थंय तू माका बघतंस. हंय मी कोणाक तरी बघतंय. माका ताच होया."

 मेल्विनाने अर्धी वळलेली वात पुरी केली.

चौथ्या दिवशी सकाळी ओहोटीला पडाव पाण्याबाहेर उघडा पडला आणि उपसायला सुरुवात झाली. बाळा आणि त्याचे दोन भाऊ बालद्या मारत होते. थोड्या वेळाने मेल्विनाही पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून आत उतरली. एवढ्या वर्षांत ती या पडावावर पाहुणी म्हणून यायची, वरच्या खोलीत झोपायची. तळ तिने कधी पाहिलाच नव्हता. आता फळ्या उचलल्यावर बापाचं काम दिसलं. वाकड्या लाकडाला वाकडंच लाकूड शोधून बसवलेलं, कुठे खिळ्याचं डोकंही वर आलेलं नाही. चिखल पुसता पुसता ती प्रत्येक फळीवरून हात फिरवत होती. आग्नेस वरून बघत होती आणि आज तिने 'नीट पूस' असं एकदाही म्हटलं नाही.

दुपारी भरती आली. पाणी पडावाच्या अंगाला चढू लागलं, चढत गेलं, आणि एका क्षणी पडाव वाळूवरून उचलला गेला. बाळाने दोराला हात लावला आणि मान डोलावली. तरंगला.

आग्नेस शिडीने तळात उतरली. पुढून मागे, दोन्ही अंगांनी, हाताने चाचपत चालली. फळ्या गच्च बसल्या होत्या, दोन फळ्यांमध्ये नखही जात नव्हतं. मेल्विना कंदिलासारखा मोबाईल धरून तिच्यामागून येत होती. अगदी शेवटी, मागच्या कोपऱ्यात, आग्नेसच्या बोटाला ओल लागली. तिने बोट पुसून पुन्हा लावलं. फटीतून पाण्याचा एक थेंब आला, फुगला आणि घरंगळला. मागून दुसरा यायला निघाला.

असला थेंब प्रत्येक होडीत असतो. पेद्रू असता तर त्याने तिकडे बघितलंही नसतं. पण शब्द थेंबाचा होता आणि दिला होता तिने स्वतः. ज्या बाईने अर्धी गिळलेली प्रार्थना चालवून घेतली नाही, ती हा थेंब कसा गिळणार? 

"हंय आसा," ती म्हणाली. "बघ. थेंब येता." मग सरळ उभी राहिली आणि पदराला हात पुसले. "चल. गाडी कितीक वाजता?"

मेल्विना खाली बसली. मोबाईल तिने फळीवर ठेवला. फटीकडे बराच वेळ बघितलं, मग तिथे अंगठा दाबून धरला.

"खंय?" ती म्हणाली. "माका तर काय दिसणा नाय."

"मेल्विना, अंगठो काढ."

"नाय काढूचंय."

आग्नेसला रडू आलं, आणि ते तिने लपवलंही नाही. मग ती शिडीपाशी गेली, बाळाला हाक मारून वरून चंद्रुसाची वाटी मागून घेतली, एक वात त्यात बुडवली आणि लेकीच्या मोकळ्या हातात दिली.